डावीकडची खिडकी

उकंडराव पेंटरनं भर एप्रिलात गुरांच्या चाऱ्याचं कुटार भरलेल्या मागच्या खोलीची भिंत फोडायला घेतली, तेव्हा सत्यभामाबाईला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात ऊन चढलं.

"अवो, चांगली भिंत काऊन फोडून राह्यले?" ती पदरानं तोंडावरची धूळ वारत म्हणाली.

"खिडकी पायजे."

"कुटाराले कशाले खिडकी? त्याले गरम होते का?"

"कुटार बाहेर काढतो. इथं मधू बसीन. लिवीन."

लिवणं म्हणजे कथा-कविता नव्हे. या घरात लिहिणं म्हणजे ब्रशनं अक्षर काढणं. सुलतानपूरपासून पार मेहकरपर्यंतच्या रस्त्यावर किराण्याच्या, कटलरीच्या, सलूनच्या जेवढ्या म्हणून पाट्या होत्या त्या उकंडरावच्या हातच्या. ट्रॉल्यांवरची नावं त्याची, शाळेच्या भिंतीवरचे पाढे त्याचे. आणि लग्नाच्या भिंती तर त्याच्याच. लग्न ठरलं की घराची दर्शनी भिंत चुन्यानं पांढरी करायची, दारावर गणपती, दोन अंगांना दोन हत्ती, आणि मधोमध वर-वधूची नावं ठळक काढून घ्यायची, ही इकडची रीत. भिंत उकंडरावनं लिहिलेली नसली, तर मांडवातल्या बायका तसं तोंडावर बोलून दाखवायच्या. मग फ्लेक्स आलं. पाट्या गेल्या, ट्रॉल्या गेल्या. हौशी घरांच्या भिंती तेवढ्या उरल्या.

आता सदुसष्टाव्या वर्षी हा माणूस हातोडा घेऊन धूळ खात उभा होता तो पोरीसाठी. मधुवंती त्याची एकुलती एक. हे नाव त्यानं ठेवलं ते काही राग-रागिणीतलं कळत होतं म्हणून नव्हे. कुठल्याशा कॅलेंडरवर वाचलं आणि त्याला ही अक्षरं लिहायला गोड वाटली, एवढंच. बारशाला आलेल्या बायकांना ते उच्चारताही येईना. तिचं लग्न खामगावला झालं. जावई देवानंद कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, माणूस सरळ होता. मागच्या पावसाळ्यात कावीळ झाली, पोटात गेली, आणि अठरा दिवसांत सगळं आटोपलं. मूलबाळ नव्हतं. दिवाळीच्या आधी मधुवंती एक पेटी घेऊन माहेरी आली ती आलीच. भाकरी टाकायची, धुणं धुवायची, बोललं तर हो-नाही करायची. तिचं हे गप्प राहणं उकंडरावला सोसवत नव्हतं. त्यापेक्षा रडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. फेब्रुवारीत तो बुलढाण्याला डोळे दाखवायला गेला होता. डॉक्टरनं सांगितलं, साखरेनं डोळ्याचे पडदे खाल्ले, दोन्ही. सुया देऊन बघू, पण वर्षभर टिकतील असं धरून चालू नका. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढला. त्या रात्रीपासून त्याच्या मनात एकच घोकणं सुरू होतं. डोळे जाण्याआधी मधूच्या हातून उतरलेली एक अख्खी ओळ आपल्या डोळ्यांनी पाहायची.

कारण ती त्यानं कधी पाहिलीच नव्हती. लग्नाआधी दहा वर्षं पोरगी त्याच्यासोबत कामाला होती, पण ती भरायला. आउटलाइन बाप काढायचा आणि आतला रंग लेक भरायची. भरण्यात हात साफ होता तिचा, कुठं थेंब सांडायचा नाही. पण स्वतःच्या अंगानं अक्षर काढायला सांगितलं की ते लंगडं यायचं. जीव नसलेलं. उकंडरावच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "हे अक्षर दवाखान्यात न्या," असं त्यानं चार लोकांत म्हटलेलं होतं. आता त्याला वाटत होतं, घाईत शिकवलं, धंद्याच्या धबडग्यात शिकवलं, म्हणून राहिलं. निवांत जागा मिळाली, कुणाचं बोलणं नसलं, की येईल. मुळात हात तर आपलाच आहे.

म्हणून ती खोली त्यानं जीव ओतून केली. कुटार काढलं, जमीन नुसती सारवली नाही, चक्क फरशी बसवली. मेहकरच्या भंगारवाल्याकडून सागवानी चौकट आणली. खिडकी कुठं काढायची यावर त्यानं दोन दिवस घालवले. टेबलाशी बसलं की उजेड डाव्या हाताकडून आला पाहिजे, म्हणजे ब्रश धरलेल्या हाताची सावली कामावर पडत नाही. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि त्यानं ते आयुष्यभर पाळलं होतं. जुन्या पाटीचं प्लायवूड तासून त्यानं उतरतं टेबल केलं. उजव्या हाताला ब्रशांचे डबे, त्याच्याही उजवीकडे रंग, टर्पेंटाइनची बाटली, पुसायला चिंध्या. मनगट टेकवायची स्वतःची काठी, जिला तो कुणाला हात लावू देत नसे, तीही त्यानं तिथं ठेवली. खडूत घोळलेली दोरी ओळी मारायला खिळ्याला अडकवली. सत्यभामाबाई म्हणाली, "माह्या सैपाकघरात चाळीस वर्षांत एक फळी ठोकली नाही या माणसानं." पण ती हसत होती. या घरात कुणीतरी हसावं असं काही फार दिवसांत झालं नव्हतं.

अक्षय तृतीयेला त्यानं मधुवंतीला खोलीत नेलं. तिनं सगळीकडे पाहिलं. खिडकीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"चांगलं केलं बाबा," ती म्हणाली.

"बस न. बसून त पाह्य."

ती बसली. काठीवर मनगट ठेवलं, ब्रश घेतला, एक 'म' काढला. उकंडराव मागं उभा होता. 'म' लंगडाच होता. तो काही बोलला नाही, आणि न बोलण्यासाठी त्याला केवढे कष्ट पडले हे त्याचं त्यालाच माहीत.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. मधुवंती रोज दुपारी तासभर खोलीत जाऊन बसायची, जशी शाळेत बसवलेली पोर बसते. उकंडराव या ना त्या निमित्तानं आत डोकावायचा. हात सैल सोड. खांद्यातून काढ, बोटातून नको. श्वास धर. ती "हाव" म्हणायची, दोन अक्षरं काढायची, आणि तो वळला की चिंधीनं पुसून टाकायची. प्लायवूडवर नुसता मळकट धब्बा उरायचा. उकंडरावच्या उजव्या डोळ्यात आता मधोमध एक करडा ठिपका बसला होता. तो रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख एकेका डोळ्यानं वाचून पाहायचा, आणि रोज जरा जवळ जाऊन वाचावी लागायची.

एकदा तो चिडलाच. "तुह्या मनातच नाही," म्हणाला. "मी इतकी खोली केली, अन् तू नुसती हजेरी लावून राह्यली."

मधुवंती खाली मान घालून बसली. "माह्याच्यानं होत नाही बाबा," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी ती उठून धुणं धुवायला गेली आणि उकंडराव रागारागात टेबलावरची चिंध्यांची आवराआवर करत बसला. खिडकीतून परसातला धुण्याचा दगड दिसत होता. दगडाशेजारी शहाबादी फरशी, उन्हानं तापलेली. मधुवंतीनं पिळे बाजूला ठेवले. बादलीत बोटं बुडवली आणि फरशीवर पाण्यानं काहीतरी काढू लागली. सहज, कंटाळ्यानं, जशी कुणी काडीनं मातीत रेघोट्या ओढतं.

त्या रेघोट्या नव्हत्या. उकंडराव खिडकीशी आला. फरशीवर 'देवानंद' लिहिलेलं होतं. 'द'ची गाठ अशी भरदार आणि वेलांटी नसतानाही सगळं नाव असं पुढं झुकलेलं, की चाळीस वर्षं अक्षरात घालवलेल्या माणसानं ते तसं कधी पाहिलं नव्हतं. ते त्याचं वळण नव्हतं. कुणाचंच नव्हतं. उन्हानं शेवटचा 'द' लिहून होईतो पहिला 'दे' वाळून गेला. तिनं परत बोटं बुडवली, परत लिहिलं. बोटं डाव्या हाताची होती.

उकंडराव तिथंच स्टुलावर टेकला. आणि त्याला आठवलं.

पोरगी सात वर्षांची होती. शेजारच्या गावी एका लग्नघराची भिंत चालू होती, ही सोबत आलेली. बाप पाणी प्यायला गेला तेवढ्यात हिनं छोटा ब्रश उचलून नवरीच्या नावात रंग भरायला घेतला, डाव्या हातानं. घरातल्या म्हातारीनं पाहिलं आणि आकाशपाताळ एक केलं. नवरीच्या नावाला डावा हात लावला, अपशकुन केला, पुसा आधी. सगळी भिंत परत चुन्यानं मारून द्यावी लागली. उकंडरावनं घरी येऊन आपल्या जुन्या पंच्यानं पोरीचं डावं मनगट तिच्या कमरेशी बांधलं. सकाळी बांधायचा, निजायच्या वेळी सोडायचा. उन्हाळ्याची पुरी सुट्टी. पहिले काही दिवस ती रडली. मग रडायची थांबली, उजव्या हातानं जेवायला लागली, उजव्या हातानं धरायला लागली, आणि उकंडरावला वाटलं, चला, वळण लागलं. त्यानंतर ही गोष्ट तो साफ विसरून गेला. पोरांना मारून-मुटकून लावलेल्या शंभर सवयींतली ती एक. ध्यानात ठेवण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंच नव्हतं.

आणि मग दहा वर्षं तो तिच्या उजव्या हाताला नावं ठेवत राहिला.

त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टेबल उचललं आणि तोंड फिरवून लावलं. काम होतं पाच मिनिटांचं. आता खिडकी उजव्या हाताकडे आली. ब्रशांचे डबे त्यानं डावीकडे ठेवले, रंग डावीकडे, चिंध्या डावीकडे. मग मधुवंतीला हाक मारली.

ती दारात थांबली. टेबलाकडे पाहत राहिली. तिला सांगावं लागलं नाही.

"तुमाले आठवलं," ती म्हणाली.

"काल आठवलं. फरशीवर लिवताना पाह्यलं तुले."

"कालच?" तिचा आवाज बारीक झाला. "मले वाटलं, तुमाले सारं आठवते. अन् तरीबी खिडकी डावीकडंच काढली."

उकंडरावला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. तीन आठवडे ही पोर या खोलीत येऊन बसत होती ती हे मनात धरून. आणि एका शब्दानं बोलली नव्हती. त्याला माफी मागायची होती, पण त्या घरात बापानं लेकीची माफी मागायची रीतच नव्हती, त्यामुळे त्यासाठी लागणारे शब्द त्याच्याजवळ नव्हते. "बस," तो म्हणाला. "बस माय."

मधुवंती बसली. डाव्या हातात ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला, डब्याच्या काठाला निपटला. उकंडराव मागं उभा राहिला, नेहमीसारखा, तिच्या खांद्यावरून बघत. ब्रश प्लायवूडच्या वर बोटभर अंतरावर थांबला. तिथंच राहिला. ब्रशच्या टोकाशी रंग जमला आणि थेंब खाली पडला. मधुवंतीचं कोपर हळूहळू आत ओढलं गेलं, कमरेला चिकटलं.

"होत नाही," ती म्हणाली.

"काल त होत होतं."

"काल तुमी नव्हते." तिनं ब्रश खाली ठेवला. मागं न बघता बोलली, भांडण नव्हतं त्या आवाजात, रडणंही नव्हतं. "तुमी मांगं उभे असले का माहा हात आपोआप बांधल्या जाते बाबा. मी काय करू?"

खोलीत टर्पेंटाइनचा वास भरला होता. उकंडरावला सांगता आलं असतं, की माझे डोळे चालले, पोरी, मला बघू दे, थोडेच दिवस आहेत. सांगितलं असतं तर तिनं कसंही करून लिहिलं असतं. बापासाठी, दात-ओठ खाऊन, पुन्हा त्याच्याच धाकानं. ते त्याला कळलं. तो दारापर्यंत गेला.

"मी नाही येनार इथं," म्हणाला. "तू बलावलं तरच."

आणि बाहेर येऊन त्यानं दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं.

त्यानंतर तो त्या खोलीत गेला नाही. परसातही त्या बाजूनं जायचा नाही, कारण खिडकीतून दिसलं असतं. धुण्याच्या दगडापाशी जायचं झालं तर गोठ्याला वळसा घालून जायचा. सत्यभामाबाईला हे सोंग कळेना. "पोटच्या पोरीच्या खोलीत जायाले कशाची बंदी?" ती विचारायची. तो म्हणायचा, मले काम हाय. काम काहीही नव्हतं. दुपारभर तो ओसरीवर बसून बंद दाराकडे कान देऊन असायचा. आत स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, डब्यावर ब्रश निपटल्याचा आवाज यायचा. आषाढात एक दिवस आतून गुणगुणणं ऐकू आलं. सत्यभामाबाई हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली आणि डोळे पुसत आत गेली. मधुवंती आता जेवताना बोलायची. कुठल्या गावच्या कमानीवरची अक्षरं कशी चुकली आहेत ते सांगायची, त्यात चक्क बापाचीही चूक काढायची. उकंडरावला आनंद व्हायचा, खरंच व्हायचा. पण तिनं खोलीत बोलावलं नाही. श्रावण गेला, पोळा गेला. कॅलेंडरची तारीख त्याला डाव्या डोळ्यानंही वाचता येईना, तेव्हा तो सत्यभामाबाईला विचारायला लागला, आज किती तारीख, जणू सहज.

तुळशीचं लग्न लागलं आणि हिवरा आश्रम गावाहून एक जण आला. पोराचं लग्न होतं, भिंत हातानंच लिहून पाहिजे होती, फ्लेक्स नको. उकंडराव काही बोलायच्या आत मधुवंती पुढं झाली.

"मी येतो काका. मी एकटीच येईन."

त्या माणसानं उकंडरावकडे पाहिलं. उकंडराव म्हणाला, "हाव. आता मधूच लिवते."

चार दिवसांचं काम होतं. ती रोज सकाळच्या बसनं जायची, दिवस मावळायच्या आत परत यायची. चौथ्या दिवशी दुपारी उकंडरावला राहवलं नाही. नावं आता लिहून झाली असतील, आपण काही मागं उभे राहणार नाही, तयार झालेलं नुसतं बघून येऊ, असं त्यानं स्वतःला समजावलं. सत्यभामाबाईला न सांगता ऑटोत बसला. ऑटोवाल्यानं त्याला लग्नघरासमोर उतरवून दिलं.

लग्नघरच्यांनी त्याला ओळखलं. खुर्ची आली, पाण्याचा तांब्या आला. घरातली सगळी बायका-माणसं अंगणात जमली, कारण मोठ्या पेंटरचा शेरा ऐकायचा होता. मधुवंती हापशावर हात धूत होती, ती तशीच थांबली.

"पाहा बरं उकंडराव," घरमालक म्हणाला, "कसं काय जमलं पोरीले?"

अक्षर बघायचं ते रस्त्याच्या पलीकडून, हा त्याचा नेम. तो रस्ता ओलांडून गेला आणि वळून उभा राहिला. समोर पांढरं होतं. पांढऱ्यात कुठं तांबडं, कुठं निळं, पाण्यात कालवल्यासारखं. तो दहा पावलं पुढं आला. मग आणखी पुढं. भिंतीला नाक लागायची वेळ आली तेव्हा एका रेघेचा काठ दिसला, तळहाताएवढा. काठ कुठंही थरथरला नव्हता. ती रेघ कुठल्या अक्षराची, अक्षर कुठल्या नावाचं, नाव वराचं की वधूचं, काही उमगलं नाही. तो भिंतीच्या कडेकडेनं सरकत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंगणातली कुजबूज थांबली.

"चांगलं हाय," असं म्हणून सुटता आलं असतं. पण मधुवंतीला त्यानं खोटं चांगलं कधी म्हटलं नव्हतं, आणि आज म्हणायचं नव्हतं.

"मले दिसत नाही," तो म्हणाला.

मधुवंती हापशावरून आली. ओले हात तसेच.

"कवापासून?"

"झालं वरीसभर. कमी-कमी होत गेलं. आता गेलंच म्हन."

"सांगतलं काऊन नाही? मी बलावलं असतं न आत."

"म्हनूनच नाही सांगतलं."

त्याचे डोळे वाहायला लागले होते. चारचौघांत, परक्याच्या दारात. पण पुसायचं भान त्याला नव्हतं.

"दिसत होतं तवा पाह्यलं नाही, मधू," तो म्हणाला. "तू इतकी वर्सं माह्यासमोर होती."

मधुवंतीनं ओले हात पदराला पुसले.

"हाव," ती म्हणाली.

मग तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला रस्त्यापर्यंत आणलं. ऑटो थांबवला, आत बसवलं, सुलतानपूरला बसस्टँडवर नाही, घरासमोर सोडा, असं दोनदा बजावलं. तिला परत जायचं होतं. हत्ती भरायचे राहिले होते आणि दिवस लहान होता.

ऑटो सुटला तेव्हा उकंडरावनं सवयीनं मागं वळून पाहिलं. भिंत होती तिकडं नुसतं पांढरं होतं.